सोबत कोण आहे?

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी बालकांच्या लसीकरणावर लिहावे, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. गेली सत्तावीस वर्षे या जुळ्या शहरांत मी लहान मुलांचीच सेवा करीत आले असल्याने ती अपेक्षा रास्त होती. तरीही मी विषय बदलून मागितला. याचे कारण असे की, अलीकडे मला रात्री-अपरात्री येणाऱ्या दूरध्वनींचे स्वरूपच पालटले आहे. पूर्वी ‘बाळाचा ताप उतरत नाही’ म्हणून फोन यायचे. आता ज्यांना मी पाळण्यात असताना लस टोचली, ती मुले पुण्याहून, बेंगळूरहून, एखादे वेळी न्यू जर्सीहून फोन करतात आणि म्हणतात, “मॅडम, आजोबांना दवाखान्यात नेलंय, पण तिथं कुणी बघतच नाही म्हणे. तुम्ही जरा बोलता का?”

आपल्या समाजाचे चित्र आपल्यापासून लपलेले नाही. मालमड्डी, सप्तापूर, देशपांडेनगर या भागांतील कित्येक जुन्या घरांत आज एक किंवा दोन वृद्ध माणसे, सकाळी येणारी कामवाली आणि वरच्या मजल्यावर एखादा भाडेकरू, एवढाच संसार उरला आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्या नागरिकांची संख्या सुमारे साडेदहा कोटी होती. ती तेव्हापासून वाढतच गेली आहे. या माणसांना अपरात्री काही झाले, तर रुग्णालयात नेणारा बहुधा रक्ताचा नातेवाईक नसतोच. शेजारी असतो, भाडेकरू असतो, कधी तर रिक्षावाला असतो. आणि खासगी रुग्णालयाच्या दारात त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो आपल्या धारवाडी कानडीतला: “निम्म जोडी यार बंदार्री?” तुमच्यासोबत कोण आले आहे?

प्रश्न मुळात वाईट नाही. रुग्ण बोलू शकत नसेल तर इतिहास कोणाकडून घ्यायचा, पूर्वीची औषधे कोणती, हे कळायलाच हवे. माझी आक्षेपाची जागा क्रमाची आहे. हा प्रश्न रुग्णाची नाडी पाहण्याआधी विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा डॉक्टर किंवा परिचारिका नसून पैसे भरून घेणाऱ्या खिडकीवरचा कर्मचारी असतो.

सुमारे तीन वर्षांपूर्वीची एक घटना सांगते. रुग्णाचे आणि रुग्णालयाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. ८२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक, आयुष्यभर संस्कृत शिकविलेले. पत्नी निवर्तलेली, मुले परगावी. दोन दिवस जुलाब होत होते, अन्न जात नव्हते. परंतु शिस्तीचे गृहस्थ असल्यामुळे मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी वेळच्या वेळी घेतली. रात्री साडेदहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला ते खुर्चीत असंबद्ध बोलताना आढळले. उजवा हात लुळा पडल्यासारखा दिसत होता. भाडेकरू बँकेत नोकरी करणारा तरुण. त्याने स्वतःच्या गाडीतून त्यांना एका खासगी रुग्णालयात नेले. तिथे अनामत रक्कम मागण्यात आली. त्याने जवळ होते तेवढे भरले. मग दाखल करण्याच्या अर्जावर आणि मेंदूच्या स्कॅनच्या संमतीपत्रावर ‘जवळच्या नातेवाइकाची’ सही हवी, असे सांगण्यात आले. तो नातेवाईक नव्हता. पुण्याच्या मुलाला फोन गेला, मुलाने नातवाला कळविले, नातवाने मला.

मी पोहोचले तोवर ऐंशी मिनिटे उलटली होती. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने वय पाहिले, लुळा हात पाहिला आणि पक्षाघाताचे निदान मनाशी पक्के करून टाकले. “एट्टी प्लस आहेत, मॅडम,” असे तो मला म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, किंबहुना थोडी सहानुभूतीच होती. एकदा रक्तदाब घेतला होता, सलाईन चालू होते. माझ्या येण्याच्या जरा आधी एका वयस्क सिस्टरने कोणी न सांगता बोटाला टोचून रक्तातील साखर तपासली. ती होती ३१. ग्लुकोजची इंजेक्शने गेली आणि काही मिनिटांतच तो ‘लुळा’ हात हलू लागला. रक्तातील साखर फार खाली गेली की, हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसू शकते, हे आपण सर्वांनी एम.बी.बी.एस.लाच वाचलेले असते.

गुरुजी वाचले. मात्र पूर्वी रघुवंशाचे सर्गच्या सर्ग विनासायास म्हणणारा हा माणूस आता चौथ्या-पाचव्या श्लोकापाशी अडखळतो आणि ओशाळून गप्प होतो. घरी साखर किती वेळ खाली राहिली, ते कोणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे नुकसानीचा दोष सर्वस्वी रुग्णालयाला देणे अन्याय्य ठरेल. परंतु छताखाली गेलेली ती ऐंशी मिनिटे घड्याळावर मोजलेली आहेत, आणि जी चाचणी राहिली तिच्या पट्टीला नातेवाइकाची सही लागत नाही.

बालरोगतज्ज्ञाला ही गोष्ट विशेष बोचण्याचे कारण आहे. झटका आलेले, गुंगीत असलेले मूल समोर आले की, श्वास, रक्ताभिसरण यांच्या पाठोपाठ साखर तपासायची, हे आमच्या हाडीमांसी भिनलेले असते. ‘एबीसी’ नंतर ‘डीईएफजी’, म्हणजे ‘डोन्ट एव्हर फरगेट ग्लुकोज’, असे आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो. आम्हाला ते घोकावे लागते, कारण आमचा रुग्ण बोलत नाही. नवजात अर्भकाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला तरी पुष्कळदा त्याला ताप येत नाही. अंग उलट गार पडते, ते दूध ओढणे सोडते, मलूल होते. ‘बाळ दूध घेत नाही’ हे आईचे एक वाक्य आम्ही धोक्याची घंटा मानतो. खेड्यातल्या आरोग्य सेविकेलासुद्धा हेच शिकविलेले असते की, पाच वर्षांखालील मूल काही पीत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटका आला असेल किंवा गुंगीत असेल, तर तत्काळ पुढे पाठवा.

आता हीच वाक्ये वृद्धाच्या बाबतीत म्हणून पाहा. ‘आजींनी दोन दिवस जेवण सोडलंय.’ ‘आजोबा नुसते पडून असतात, हाक मारली तर ओ देतात एवढंच.’ या वाक्यांना आपण काय उत्तर देतो? ‘वय झालं आता.’ वृद्धाचा न्यूमोनियासुद्धा पुष्कळदा तापावाचून येतो. मूत्रमार्गाचा संसर्ग भ्रमाच्या रूपाने समोर येतो. आणि ज्याला घरातले म्हातारचळ म्हणतात, रात्रीत उपटलेली ती बडबड किंवा तो अनैसर्गिक शांतपणा, यांच्या मागे कमी झालेले सोडियम, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, असे सहज दुरुस्त होण्याजोगे कारण निघू शकते. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी येतो. काल संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्र वाचणारा माणूस आज पहाटे भ्रमिष्ट झाला, तर ती तातडीची अवस्था होय. बडबडणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जाते. गप्प पडून राहणारा रुग्ण ‘शांत झोपलाय’ म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर राहतो, आणि माझ्या मते सर्वांत धोक्यात तोच असतो.

हृदयविकाराचीही तीच तऱ्हा. छातीत कळ येऊन डावा हात धरणारा रुग्ण पुस्तकात आणि चित्रपटात भेटतो. ऐंशीच्या पुढच्या वृद्धेला, विशेषतः मधुमेह असेल तर, नुसती धाप लागते, घाम येतो, गळून गेल्यासारखे होते. तिचा हृदयालेख काढायचा की ‘गॅस’ची गोळी द्यायची, हे रात्री दोन वाजता खोलीत असलेल्या माणसाच्या सवयीवर ठरते. नाडीचे प्रमाण पाहून निश्चिंत व्हावे, तर रक्तदाबाची काही औषधे नाडी वाढूच देत नाहीत. रक्तदाब ११० दिसला की तरुण डॉक्टर समाधानाने मान हलवितो. ज्या आजोबांचा नेहमीचा दाब १६० असतो, त्यांचा ११० हा कोसळलेला दाब असू शकतो. अमेरिकेत जखमींची प्रतवारी करण्यासाठी २०११ साली जी मार्गदर्शक सूत्रे निघाली, त्यांत पासष्टीपुढच्या जखमीचा वरचा दाब ११० च्या खाली असेल तर तो धक्कावस्थेचा निदर्शक असू शकतो, असे म्हटलेले आहे. न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला टेंगूळ आलेली आजी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ‘शुद्धीवर आहे, बोलते आहे’ एवढ्यावर तिला घरी पाठविणे म्हणजे मेंदूभोवती सावकाश साचणाऱ्या रक्ताला रात्रभराची मुभा देणे होय.

‘मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे’ हे वाक्य वैद्यकाने स्वीकारले म्हणून आमची शाखा उभी राहिली. आपल्याकडे तर ही दृष्टी जुनी आहे. वाग्भटाने आयुर्वेदाची आठ अंगे सांगताना बाल आणि जरा या दोहोंना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. आधुनिक वैद्यकात मात्र धाकटे अंग पुढे गेले आणि थोरले मागे राहिले. इंग्लंडमध्ये १९३५ साली डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे एका अनाथाश्रमवजा इस्पितळातील शेकडो वृद्ध रुग्ण आले. ‘असाध्य’ म्हणून खाटांना खिळलेल्या त्या माणसांना त्यांनी एकेक करून नीट तपासले, आणि त्यांतील पुष्कळजण उठून चालू लागले, काही तर घरीही गेले. आपल्या देशात वार्धक्यशास्त्रातील एम.डी.चा अभ्यासक्रम प्रथम मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाला तो १९९६ मध्ये. तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली २००९ साली. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक खासगी रुग्णालयांत रात्री या दोहोंपैकी एकाही शाखेचा माणूस हजर नसतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

वय हेच कारण म्हणून पुढे करण्याला शास्त्राचा आधार किती तकलादू असतो, याचे एक उदाहरण पक्षाघाताचेच आहे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध ऐंशीपुढच्या रुग्णाला देऊ नये, असा युरोपात कित्येक वर्षे दंडक होता. २०१२ मध्ये तीन हजारांवर रुग्णांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातील निम्म्याहून अधिक रुग्ण ऐंशीच्या पुढचे होते. त्यांना होणारा लाभ तरुणांपेक्षा कमी नाही, असेच त्यातून दिसले. लाभ वयावर कमी आणि वेळेवर अधिक अवलंबून होता. साडेचार तासांची ही मुदत आपण सह्यांत आणि पावत्यांत खर्च करीत असतो.

कायद्याकडे वळू. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात निर्णय दिला. त्याच्या मुळाशी वर्तमानपत्रातील एक बातमी होती: मोटारीने उडविलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही, पोलीस प्रकरणांसाठी मान्यता असलेल्या वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात जा म्हणून सांगितले, आणि तो वाटेतच दगावला. वीस किलोमीटर म्हणजे हुबळी ते धारवाड! सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचविण्याचे बंधन आहे, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविल्याच्या प्रकरणात, तातडीचे उपचार न मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरला.

तरीही वृद्धाच्या बाबतीत एक फट राहून जाते. २००७ च्या कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याने तातडीच्या उपचारांचे जे बंधन घातले, त्यात अपघात, भाजणे, विषबाधा, मारहाण अशा पोलिसांशी संबंध येणाऱ्या प्रकरणांचा उल्लेख आहे. घरात खुर्चीत बसल्या जागी भ्रमिष्ट झालेला वृद्ध त्या यादीत कुठे बसतो? त्याच वर्षी झालेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रीय कायद्याने खाटा आणि स्वतंत्र रांगा यांची तरतूद केली, ती सरकारी आणि अनुदानित रुग्णालयांपुरती. २०१७ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन तातडीच्या वेळी आगाऊ रकमेचा आग्रह धरू नये, हे त्यात आले. त्या नोव्हेंबरात बेळगावच्या अधिवेशनावर आपण खासगी डॉक्टरांनी मोर्चा नेला होता. मीही त्यात होते. आपले मुख्य आक्षेप शिक्षेच्या आणि दरनियंत्रणाच्या तरतुदींना होते, आणि ते मला आजही योग्य वाटतात. पण त्या गदारोळात आगाऊ रकमेचे हे कलम आपण शांतपणे वाचलेच नाही, असे मला वाटते. करोनाच्या काळात माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांना दाखल करण्यात अग्रक्रम देण्याचा आदेश दिला. तो प्रथम, ऑगस्ट २०२० मध्ये, सरकारी रुग्णालयांपुरता होता. मार्च २०२१ मध्ये तो खासगी रुग्णालयांनाही लागू झाला. आपल्यापैकी कितीजणांच्या स्वागतकक्षात तो पोहोचला?

सहीच्या बाबतीत तर भीती निराधारच आहे. शुद्धीवर असलेल्या, समज असलेल्या प्रौढाची संमती त्याने स्वतः द्यायची असते. तो ८० वर्षांचा झाला म्हणून तो अधिकार मुलाकडे जात नाही. शुद्ध हरपलेली असेल आणि विलंबाने जिवाला धोका असेल, तर संमतीवाचून उपचार करता येतात. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३० सद्हेतूने केलेल्या अशा कृतीला संरक्षण देते. नातेवाइकाची सही हा आपल्या रुग्णालयांचा रिवाज आहे, एवढेच.

येथवर वाचून माझे काही व्यवसायबंधू नाराज झाले असतील, आणि त्यांचे म्हणणेही खोटे नाही. तीस-चाळीस खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्याला रात्रीचा अपघात विभाग परवडत नाही. रात्रपाळीला बसणारा डॉक्टर पुष्कळदा नवखा, कधी दुसऱ्या पॅथीचा. तज्ज्ञ घरी, फोनवर. बिल बुडविणारे नातेवाईक आहेत, विम्याच्या मंजुरीला लागणारा वेळ आहे, आणि वृद्ध दगावला तर तिसऱ्या दिवशी विमानाने उतरून काचा फोडायची भाषा करणारा चिरंजीवही आहे. २००९ पासून राज्यात डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा असला तरी रात्री दोन वाजता तो दारात उभा नसतो. ज्याच्या मागे माणूस नाही अशा रुग्णाला घ्यायला डॉक्टर कचरतो, ते बहुतेक वेळा या भीतीपोटी. लोभाचा भाग नाही असे मी म्हणणार नाही, परंतु भीतीचा वाटा मोठा आहे.

मात्र खिडकीवरच्या माणसाचा प्रश्न पैशांचा नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड येथील सरकारी रुग्णालयाच्या दुरवस्थेची चौकशी झाली. ज्युली बेली या महिलेने, तिची वृद्ध आई २००७ मध्ये तेथे दगावल्यावर, आवाज उठविला होता. २००९ च्या चौकशी अहवालात असे निघाले की, अपघात विभागात रुग्णांची पहिली पाहणी वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी करीत होते. श्रीमंत देश, फुकट उपचार, आणि तरी तीच खिडकी. उलट उदाहरण गरीब देशाचे आहे. आफ्रिकेतील मलावीत ब्लँटायर शहराच्या मोठ्या रुग्णालयात बालकांच्या विभागाची घडी बदलण्यात आली. आलेले प्रत्येक मूल रांगेत असतानाच पाहायचे आणि धोक्याच्या खुणा असलेले आधी आत घ्यायचे. तेथील दाखल बालकांचे मृत्यू १० ते १८ टक्क्यांवरून ६ ते ८ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेची त्या धर्तीची प्रशिक्षण-पुस्तिका सांगते की, या खुणा दारावरच्या पहारेकऱ्याला आणि केसपेपर लिहिणाऱ्यालाही शिकवाव्यात. यंत्रे कोणतीही नवी लागली नाहीत.

हे आपल्याकडे वृद्धांसाठी करणे मला अशक्य वाटत नाही. आमच्या छोट्या रुग्णालयात नोंदणीच्या मुलीला आम्ही बालकांसाठीच्या चार खुणा शिकविल्या आहेत. तिला त्या एका दुपारी आल्या. साठीच्या पुढच्या रुग्णासाठी त्यात एवढीच भर घालावी लागेल: आज अचानक बदललेले बोलणे किंवा वागणे, नवी धाप, पडणे, आणि अन्नपाणी सोडणे. यांपैकी काही असेल तर पावती नंतर, सिस्टरला हाक आधी. साखर, तपमान, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब आणि हृदयालेख ही पाच कामे मिळून पंधरा मिनिटांची आहेत. पुढचे उपचार आपल्याकडे नसतील, तर विद्यानगरचे सरकारी महाविद्यालय-रुग्णालय किंवा सत्तूरचे एस.डी.एम. यांना फोन करून, कागद लिहून, सलाईनसह पाठविता येते. नुसते ‘दुसरीकडे न्या’ म्हणणे आणि असे पाठविणे यांत १९८९ च्या त्या स्कूटरस्वाराएवढे अंतर आहे.

समाजातील वाचकांसाठीही थोडे. घरात एकटे किंवा दोघेच असाल, तर एका पारदर्शक पिशवीत चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, शेवटचा हृदयालेख, नेहमीचा रक्तदाब किती असतो ते लिहिलेला कागद, विम्याचे कार्ड आणि दोन फोन क्रमांक ठेवा. पिशवी औषधांच्या कपाटात लपवू नका, दाराजवळ टांगा. ज्या शेजाऱ्याने नेण्याची शक्यता आहे त्याचे नाव त्याच कागदावर लिहून ‘यांनी मला आणले तर यांना माझी माहिती द्यावी’ असे स्वतःच्या सहीने लिहा. मुलांनीही परदेशातून आधी ओळखीच्या डॉक्टरला फोन करण्यात वेळ दवडू नये; शेजाऱ्याला १०८ लावायला सांगावे. ही सेवा राज्यात नोव्हेंबर २००८ पासून आहे. आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाने दिवसभर अन्न घेतले नसेल, तर गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आमच्या गुरुजींच्या दाराशी अशी पिशवी आता लटकते आहे. कागदावर भाडेकरू तरुणाचे नाव आहे, आणि त्यापुढे नात्याच्या रकान्यात गुरुजींनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात ‘शेजारी’ असे लिहिले आहे.